शिडी धरणारे

कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी तुमचं पाऊल अडतं ते आवाजानं. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडतेय, एका लयीत, आणि प्रत्येक ठोक्यासरशी बोटाच्या पेराएवढी चकाकती खळी उमटतेय. मठारकाम म्हणतात याला. घरोघरी पाणी तापवायचे बंब इथूनच जायचे. आवाज मागे टाकून तुम्ही शेजारच्या बोळात वळता आणि समोरच्या जुन्या भिंतीवर चित्र दिसतं. रंग विटलेत, मधून नळाचा पाईप गेलाय, खालच्या कोपऱ्यात ओल चढलीय. एक पोपडा सुटत आलाय. तुम्ही तो नखानं उचलता. आत पिवळा रंग. त्याच्या आत निळीचा चुना. त्याच्या आत गेरू. नख आणखी आत जातं, शेणामातीच्या गिलाव्याला लागतं, आणि हातोडीचा आवाज तोच राहतो, पण बोळातला उजेड बदलतो.

नोव्हेंबर १७९०. तुम्ही पर्वतीच्या पायथ्याशी आहात, पेशव्यांच्या शिकारखान्यात. दावणीला गेंडा आहे आणि त्याच्यापुढे मांडी घालून एक माणूस कागदावर त्याला उतरवतोय. गंगाराम चिंतामण तांबट. कूळ आडनावच सांगतं. पिढ्यान्‌पिढ्या धातू ठोकणाऱ्यांच्या घरातला हा माणूस इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी चित्रं काढतो. वाकून बघा. गेंड्याच्या खांद्यावरची कातडीची घडी तो अशी काढतोय, जणू पत्राच वाकवतोय. पुढे तो वेरूळची लेणी उतरवील, पुण्यातले पैलवान काढील. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात येईल आणि खुद्द शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा भरेल, तिथे हा शिकेल. त्याची बरीच चित्रं मॅलेटबरोबर विलायतेला जातील. आज ती अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्याच्या या पोराचं नाव पुण्यात किती जणांना ठाऊक आहे, या विचारानं मला नेहमी हळहळ वाटते.

पण १७९० च्या पुण्यात चित्र म्हणजे आतली गोष्ट आहे. वाड्यांच्या दिवाणखान्यात भिंती रंगवलेल्या आहेत, देव आहेत, वेलबुट्टी आहे, आणि ती बघायला आत जायचा मान लागतो. दरवाजावरचा पहारेकरी तुमच्याकडे बघतो, तुमच्या पायांकडे बघतो. त्याच्या मागे, वेशीबाहेर, असे लोक आहेत ज्यांना दरवाजापर्यंत यायचीसुद्धा सोय नाही. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, आपली पावलं आपल्यामागे पुसली जावीत म्हणून, आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली, जातिनिर्मूलनावरच्या त्यांच्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवलं. हे वाक्य डोक्यात घेऊन पुण्याच्या रस्त्यावरून चाला. ज्याला धुळीत पाऊल उमटवायची मुभा नाही, तो भिंतीवर काय काढणार? रस्त्यावरच्या चित्राचा इतिहास मी तरी इथून मोजतो. शिकारखान्यापासून नाही आणि दिवाणखान्यापासून तर नाहीच.

पुढचा थर उचला. १८४८, बुधवार पेठ, भिडे वाडा. एक तरुण बाई झपाझप चाललीय. तिच्या लुगड्यावर चिखल आणि शेण आहे, कोणीतरी आत्ताच फेकलेलं. पिशवीत दुसरं लुगडं आहे. शाळेत पोचून ती ते नेसेल. तुम्ही खिडकीशी उभे राहता. आत मुली बसल्यात. एक मुलगी बोटानं अक्षर काढते, पुसते, पुन्हा काढते. सावित्रीबाई तिचं बोट धरून वळण देतात. बाहेर ज्या हातांनी शेण उचललं, त्या हातांना नेमकी कशाची भीती वाटली ते त्या बोटाकडे बघून कळतं. वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीराव अस्पृश्यांसाठी खुला करतील.

यानंतरचे थर पातळ आहेत, भराभर सुटतात. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू होते आणि शिळाप्रेसवर रंगीत चित्रं निघू लागतात. थोड्या वर्षांनी रविवर्म्याचा छापखाना मुंबईत आणि मग मळवलीकडे. दोन-चार आण्यांचं चित्र बाजारातून घरी येतं, खिळ्याला लटकतं. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं करत नाहीत, त्यांच्या कुडाच्या भिंतीवर लक्ष्मी येऊन राहते, कोणाला न विचारता. आणि देऊळ? १३ ऑक्टोबर १९२९ रोजी तुम्ही पुन्हा पर्वतीच्या पायथ्याशी येता. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही पायऱ्या चढताहेत. वरचं दार बंद आहे. दगड येतात. सत्याग्रह पुढे कितीतरी आठवडे चालतो, दार उघडत नाही.

आता नख निळीच्या चुन्याला लागतं. इथे जरा थांबू या.

एप्रिल १९७९. पर्वतीचा तोच पायथा. गेंडा होता त्या बाजूला आता पत्र्याची आणि कुडाची घरं दाटीनं टेकडी चढून गेलीत. कोणी पानशेतच्या पुरानंतर आलं, कोणी बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून. सार्वजनिक नळाशेजारी एक भिंत आहे, वस्तीतली एकुलती पक्की, सिमेंटचा गिलावा असलेली. परवा चौदा तारीख. वर्गणी घरटी गोळा झालीय. कोणी रुपया दिलाय, कोणी आठ आणे, एका घरानं पैशांऐवजी बादलीभर चुना. चुन्यात नीळ कालवून, डिंकाचं पाणी घालून पोरांनी कालच भिंत सारवलीय. पेंटर शेजारच्याच गल्लीतला आहे, एरवी दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची अक्षरं काढतो. त्यानं आज रोज बुडवलाय.

त्याच्या हातात कॅलेंडरवरचा एक फोटो आहे, पेन्सिलीनं चौकटी आखलेला. भिंतीवर त्याच चौकटी मोठ्या, सुतळीला गेरू लावून सट्‌कन उडवलेल्या. तो एक-एक चौकट बघत चढतो. शिडी म्हणजे दोन बांबू आणि सुतळीनं बांधलेल्या आडव्या काठ्या. ती दोघांनी धरावी लागते. खाली एका बाजूला दहावीतला मुलगा आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याची आजी, कारण बाकीचे कामावर गेलेत.

आधी कोट येतो. निळा, गडद, भिंतीच्या निळ्यापेक्षा चार पट गडद. मग कॉलर, टाय. छातीशी पुस्तक. तोंड शेवटी. नळावर पाण्याला आलेल्या बाया हंडा भरला तरी जात नाहीत.

"चष्मा नीट काढ हां बाळा," आजी वर बघून म्हणते. "मागल्या साली वाकडा झाला होता."

"आज्जे, शिडी हलू देऊ नको, मग होतो सरळ."

"अन् पेन?"

"काढतो ना. खिशाला लावतो."

पेन्सिलीची चौकट आणि भिंतीची चौकट यांत काहीतरी चुकतं, उजवा डोळा किंचित मोठा होतो. पेंटर खाली उतरतो, लांब जातो, डोळे बारीक करून बघतो, पुन्हा चढतो. तीनदा. चौथ्यांदा आजी म्हणते, आता हात लावू नको. तिनं त्यांना पाहिलं होतं, एकदा, लहानपणी, लांबून, गर्दीत कोणाच्या तरी खांद्यावर बसून. ती सांगते ते ऐकायला पोरं जवळ येतात. चित्राच्या खाली मुलगा स्वतःच्या हातानं अक्षरं काढतो, नामांतराची घोषणा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात गेल्या वर्षी, २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यापाठोपाठ मराठवाड्यात दलितांची घरं जळली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडेल. तोवर पंधरा वर्षं अशा भिंती दर एप्रिलात नव्यानं रंगत राहतील. मुलाचा 'न' थोडा तिरपा आलाय. तो तसाच राहू देतात.

भित्तिचित्रांनी समाज बदलतो का, असं कोणी विचारलं की मला हीच भिंत आठवते. शहराच्या कुठल्याच नकाशावर तेव्हा या वस्तीचं नाव धड नव्हतं. चौदा तारखेनंतर रस्ता सांगताना लोक म्हणायला लागले, बाबासाहेबांच्या भिंतीपासून डावीकडे. पत्ता मिळाला. पत्ता असला की पोस्टमन येतो, रेशनकार्डाचा अर्ज भरता येतो, पाडायला आलेल्या माणसापुढे उभं राहताना पाठीशी काहीतरी असतं. आणि ही फक्त पर्वतीची गोष्ट नाही. १९६७ साली शिकागोच्या दक्षिण भागात, एका मोडकळीला आलेल्या इमारतीवर कृष्णवर्णीय चित्रकारांनी आपल्या माणसांचे चेहरे रंगवले, गाणारे, लिहिणारे, लढणारे. 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' म्हणून ती भिंत ओळखली गेली आणि तिच्यापासून अमेरिकेतल्या गल्लोगल्ली अशा भिंती उभ्या राहिल्या. १९७१ मध्ये आग लागून ती इमारत गेली. पर्वतीच्या पेंटरला शिकागो माहीत नव्हतं, शिकागोच्या चित्रकारांना पर्वती माहीत नव्हती. पण ज्याचा चेहरा शहर बघत नाही त्यानं तो शहराच्या अंगावर काढायचा, ही गरज दोन्हीकडे एकच.

मधली वर्षं तुम्ही पटकन ओलांडता. त्याच भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण येतो, निवडणुकीतले पंजे आणि कमळं येतात, १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा येतो. कायद्याचं मला पटतं, पक्षांनी भिंती नासवल्या होत्याच. पण ट्यूशनची जाहिरात आणि वस्तीनं काढलेलं चित्र यांना एकाच तागडीत घालणं मला कधी पटलं नाही.

२०१२. पुन्हा कसबा पेठ, हाच बोळ. चित्रकार हर्षवर्धन कदम यांनी 'पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट' सुरू केलाय आणि शहराच्या या सर्वांत जुन्या भागातल्या भिंतींवर चित्रं येऊ लागलीत. स्प्रेचे डबे, रोलर, बांबूचा पहाड. तुम्ही बघता ते चित्राच्या अलीकडचं. गॅलरीत उभे असलेले आजोबा आधी विचारतात, कोणी परवानगी दिली? मग विचारतात, हा रंग पावसात टिकतो का? मग त्यांची सून चहा आणते. शाळेतून आलेली पोरं दप्तर तिथेच टाकून बसतात. एक तांबट हातातली हातोडी घेऊनच बघायला येतो आणि चित्रातल्या भांड्याच्या काठाला बोट लावून सांगतो की काठ असा वळत नाही, असा वळतो. चित्रकार ऐकतो, बदलतो. गंगारामाला त्याच्या आळीतल्या कोणी असं सांगितलं असेल का? त्याची चित्रं आळीला बघायला तरी मिळाली का?

सगळाच रंग असा नसतो हेही बघून घ्या. जानेवारी २०२३, जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे येणार म्हणून रस्त्याकडेच्या भिंती भराभर रंगतात. शहर देखणं दिसतं, मलाही ते आवडलं होतं. पण त्या भिंतींपाशी चहा घेऊन आलेलं मला कोणी दिसलं नाही, कारण काय काढायचं ते तिथल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. आणि त्याच वर्षी, डिसेंबरातल्या एका रात्री, बुधवार पेठेतला मोडकळीला आलेला भिडे वाडा पाडला जातो. तिथे स्मारक व्हायचंय, वर्षानुवर्षांचा खटला संपलाय, हे सगळं खरं. तरी त्या रात्री तुम्ही रस्त्यापलीकडे उभे असता आणि जिच्या आत ते बोट अक्षर गिरवत होतं ती भिंत खाली येताना बघता. धूळ बसायला बराच वेळ लागतो.

पोपडा बोटातून सुटतो. आजचा दिवस.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे काल-परवापर्यंत लोक कचरा टाकायचे, तिथे एक भिंत पांढरी केलेली आहे. विशीतली दोन मुलं रंग कालवताहेत. त्यांच्यापुढे एका उलट्या बादलीवर एक ताई बसल्यात, या भागातला कचरा रोज गोळा करणाऱ्या. १९९३ साली पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत झाली, तेव्हा त्या आईचं बोट धरून उकिरड्यावर जायच्या. मुलं त्यांचं चित्र काढताहेत, भिंतीएवढं.

"मला हसताना नको काढू," ताई सांगतात. "मी काय फोटोला बसले नाही. ढकलगाडी घे. आणि हे घे." त्या गळ्यातलं ओळखपत्र पदराखालून बाहेर काढून सरळ करतात. "हे नीट दिसलं पाहिजे. नाव वाचता आलं पाहिजे."

मुलगा ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढून गळ्यापाशी पोचतो. बोळाची फरशी वरखाली आहे, शिडीचा एक पाय अधांतरी. तो खाली बघतो. जवळ तुम्हीच आहात.

"काका, शिडी धरता का जरा?"

तुम्ही पिशवी भिंतीला टेकवून ठेवता आणि दोन्ही हातांनी शिडी धरता.