एका दुखण्याचे नाव

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले नाकाडोंगरी. जवळ चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, भोवती जंगल, पलीकडे मध्य प्रदेश. वैद्यकाच्या नकाशावर पूर्व विदर्भाचा हा सारा भाग सिकलसेलचा पट्टा आहे. या रोगातली सांधेदुखी, कावीळ, वारंवार द्यावे लागणारे रक्त यांविषयी गावात बोलले जाते. मात्र त्याच रोगाचे एक दुखणे असे आहे की मुलगा ते आईलाही सांगत नाही. मनात कामेच्छा नसताना लिंग तासन्‌तास ताठ राहते आणि वेदना असह्य होतात. वैद्यक त्याला 'प्रायापिझम' म्हणते.

नावातच अन्याय आहे. प्रायापस हा ग्रीकांचा बागा राखणारा, सुफलतेचा देव; त्याच्या मूर्ती ताठ लिंगाच्या असत. रुग्णाच्या यातनेला कामुकतेची ओळख चिकटली ती अशी. आम्ही वर्गात शृंगाररस न अडखळता शिकवतो, लावणीचीही चर्चा करतो. पण या वेदनेसाठी चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द आमच्याही शब्दसंग्रहात नाही.

उपचाराचा इतिहास हा बराचसा कारण ओळखण्याचा इतिहास आहे. १९१४ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक फ्रँक हिनमन यांनी तोवर नोंदलेल्या रुग्णांचा अभ्यास करून कारणांचे यांत्रिक आणि चेतासंस्थेशी निगडित असे भाग पाडले. त्यांच्याच मुलाने १९६० मध्ये उपचार का फसतात याचा विचार करताना बोट ठेवले ते साचून दाट झालेल्या रक्तावर. दरम्यान विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये वर्णिल्या होत्या, आणि १९३४ मध्ये डिग्ज व चिंग यांनी या रोगाचा प्रायापिझमशी असलेला संबंध नोंदवला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या; १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. म्हणजे आपल्या दाराशी हा रोग आहे हे कागदावर येऊन साठाहून अधिक वर्षे उलटली.

घडते ते असे. लिंगातील दोन स्पंजासारख्या नळ्यांत रक्त येते, पण विळ्यासारख्या ताठर पेशींमुळे बाहेर पडत नाही. कोंडलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो. प्राणवायू घटला की आणखी पेशी विळ्यासारख्या होतात. चार तास उलटले की ही तातडीची अवस्था समजावी. दीड दिवस गेला तर लिंगाची शक्ती कायमची जाण्याची भीती फार मोठी. काही मानसिक आजारांवरची औषधे, लिंगात दिली जाणारी इंजेक्शने, रक्ताचा कर्करोग हीही कारणे असतात. मार लागून होणारा एक प्रकार मात्र सहसा दुखत नाही आणि इतका घाईचा नसतो.

१९८४ मध्ये जाइल्स ब्रिंडली यांनी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध थेट लिंगात टोचण्याचा उपाय मांडला. आज त्याच वाटेने जातात: बधिर करून सुईने कोंडलेले रक्त काढायचे, मग रक्तदाब आणि नाडी पाहत फेनिलेफ्रिन द्यायचे, तेही फसले तर शस्त्रक्रियेने रक्ताला वाट करून द्यायची. सिकलसेलच्या रुग्णाला सोबत सलाइन, वेदनाशामके, लागल्यास प्राणवायू देतात. मात्र रक्त चढवण्याची वाट पाहत मुख्य उपचार थांबवायचा नसतो. बर्फ लावू नये, थंडीने पेशी अधिकच बिघडतात. घरी भरपूर पाणी, लघवी करणे, कोमट पाण्याची आंघोळ, थोडे चालणे, एवढेच. आणि दोन तासांत उतरले नाही तर दवाखाना.

अडचण आहे ती त्या दोन तासांनंतरची. झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो. तेव्हा वाहन मिळवायचे, तुमसर, भंडारा, नागपूर यांतले कोणते रुग्णालय गाठायचे ते ठरवायचे, आणि त्याआधी बापाला उठवून काय झाले ते सांगायचे. अनेकांचे पहिले झटके थोड्या वेळात आपोआप उतरतात, म्हणून मुले गप्प राहतात. खरे तर पुढच्या मोठ्या झटक्याची ती सूचना असते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणीचे कार्ड मुलाच्या हाती पडते तेव्हा तो किशोरवयाच्या उंबरठ्यावर असेल, तर परिचारिकेने किंवा काकाने त्याला बाजूला घेऊन एवढे सांगावे: 'तिथे दुखून ताठ राहिले तर लाजू नकोस, रात्र असली तरी आम्हाला उठव.'