कर्णरोगचिकित्सेचा इतिहास

कर्णरोगचिकित्सेचा इतिहास : कानाच्या सामान्य विकारांचे निदान व त्यांवरील उपचार यांच्या विकासाचा वृत्तांत. बाह्यकर्णाची नलिका अरुंद व वाकडी असून तिच्या आतील टोकाशी कर्णपटल असते; त्यापलीकडील मध्यकर्ण व अंतर्कर्ण शंखास्थीच्या पोटात दडलेले असतात. त्यामुळे कानदुखी, पू वाहणे, बहिरेपणा व कर्णनाद ही लक्षणे फार पूर्वीपासून माहीत असली, तरी त्यांचे मूळ स्थान एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुधा तर्कानेच ठरवावे लागे. कर्णशल्यचिकित्सेतील कित्येक शस्त्रक्रिया आधी प्रचारात आल्या आणि त्या कोणत्या रोग्यावर कराव्यात हे मागाहून समजले. मधल्या काळात काही रोगी दगावले व उपयुक्त शस्त्रक्रियाही दीर्घकाळ त्याज्य ठरल्या.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत. कर्णशूल, बाधिर्य, कर्णस्राव, कर्णगूथ (कानातील मळ), पूतिकर्ण इ. नावांवरून ही विभागणी मुख्यतः लक्षणांवर आधारलेली दिसते. औषधी तेलाने कान भरणे (कर्णपूरण) हा त्यांतील एक प्रमुख उपचार होय. तुटलेली कर्णपाली सांधण्याचे पंधरा प्रकार याच संहितेत आहेत. जो भाग डोळ्यांना दिसतो त्याची शस्त्रक्रिया प्रगत होती, हे त्यावरून लक्षात येते. ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रंथांत तीव्र ज्वरासह होणारी कानदुखी जीवघेणी ठरू शकते, असा इशारा आढळतो.

यूरोपात सोळाव्या शतकापासून कानाच्या शारीराचा (शरीररचनेचा) अभ्यास सुरू झाला. घसा व मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नलिकेचे वर्णन बार्तोलोमेओ यूस्टाकीओ यांनी केले. झोझेफ द्यूव्हर्ने (१६४८–१७३०) यांचा १६८३ मधील ग्रंथ व आंतोन्यो व्हालसाल्व्हा (१६६६–१७२३) यांचा १७०४ मधील ग्रंथ यांमुळे या ज्ञानाला व्यवस्थित रूप आले. यूस्टाकी नलिकेत सळई घालण्याची युक्ती मात्र वैद्याची नव्हे. व्हर्सायचे पोस्टमास्तर गीयो यांनी तोंडावाटे घालावयाचे असे साधन १७२४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. पुढे १७४१ मध्ये इंग्रज लष्करी शस्त्रक्रियातज्ञ आर्चिबल्ड क्लीलंड यांनी नाकातून जाण्याचा अधिक सोयीचा मार्ग सुचविला.

कानामागील हाडाच्या फुगीर भागात (कर्णमूल प्रवर्धात) हवेची लहान कोटरे असतात. मध्यकर्णातील पू तेथे शिरल्यास तो पुढे मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. अठराव्या शतकात झां ल्वी पती यांनी व १७७६ मध्ये प्रशियन लष्करी शस्त्रक्रियातज्ञ यासर यांनी हे हाड उघडून पूला वाट करून दिली. यासर यांच्या यशामुळे हाच उपाय पू नसलेल्या बहिरेपणावरही करण्यात येऊ लागला. डेन्मार्कचे राजवैद्य बेर्गर यांनी बहिरेपणा व कर्णनाद यांसाठी तो स्वतःवर करवून घेतला आणि १७९१ मध्ये ते मस्तिष्कावरणशोथाने (मेंदूच्या आवरणाच्या दाहयुक्त सुजेने) मरण पावले. त्यानंतर ही शस्त्रक्रिया अर्ध्या शतकाहून अधिक काळ जवळजवळ टाकून देण्यात आली आणि ज्यांना तिची खरोखर गरज होती असे पूरोगीही तिला मुकले.

इंग्लंडमध्ये ॲस्टली कूपर यांनी बहिरेपणावर कर्णपटलास छिद्र पाडले व त्याबद्दल त्यांना १८०१ चे कॉप्ली पदक मिळाले. रोग्यांची रीघ लागली. परंतु यूस्टाकी नलिका बंद असलेल्यांनाच गुण येई आणि तोही छिद्र भरून येईपर्यंतच. अखेर त्यांनी ही शस्त्रक्रिया सोडून दिली.

खरा पालट प्रकाशामुळे झाला. मध्यभागी छिद्र असलेल्या अंतर्गोल आरशाने उजेड कानात पाडून त्याच छिद्रातून पाहण्याची पद्धत हॉफमान यांनी १८४१ मध्ये वर्णिली होती, पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले. आंतोन फोन ट्रल्च (१८२९–९०) यांनी १८५५ मध्ये तीच पॅरिस येथे पुन्हा मांडली आणि जिवंत माणसाचे कर्णपटल नीट पाहता येऊ लागले. त्याच वर्षी रिने यांनी नादकाट्याची परीक्षा सांगितली. कंप पावणाऱ्या काट्याचे बूड कानामागील हाडावर टेकवून नाद ऐकू येईनासा झाल्यावर काटा कानासमोर धरला असता निरोगी माणसास तो पुन्हा ऐकू येतो. ध्वनिवहनात अडथळा असल्यास सामान्यतः येत नाही. बहिरेपणा मध्यकर्णाचा की अंतर्कर्ण व तंत्रिकेचा (मज्जेचा), हा भेद इतक्या साध्या साधनाने करता येऊ लागला. ही परीक्षा आजही केली जाते.

डब्लिनचे विल्यम वाइल्ड (१८१५–७६) यांनी १८५३ मधील ग्रंथात कर्णस्रावाकडे दुर्लक्ष न करण्याविषयी आग्रहाने लिहिले. त्यांचे पुत्र, प्रसिद्ध साहित्यिक ऑस्कर वाइल्ड, यांना दीर्घकाळ कर्णविकार होता व १९०० मध्ये पॅरिसला कानावर शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवड्यांतच ते निधन पावले. लंडनचे जोसेफ टॉयन्बी (१८१५–६६) यांनी सु. दोन हजार कानांचे विच्छेदन केले. बहिऱ्या व्यक्तींच्या कित्येक कानांत रिकीब हे इवलेसे हाड आपल्या खिडकीत घट्ट बसलेले त्यांना दिसले. कर्णनादावर औषध शोधण्यासाठी विषारी वाफांचे स्वतःवर प्रयोग करताना त्यांचा मृत्यू झाला. बहिरेपणासह येणारी घेरी मेंदूतील रक्ताधिक्यामुळे येते, असे समजून तीवर रक्तमोक्षण करीत. तिचा उगम अंतर्कर्णात असल्याचे प्रॉस्पेर मेन्येर यांनी १८६१ मध्ये प्रतिपादिले.

या पायावर हेरमान श्व्हार्ट्‌झ (१८३७–१९१०) यांनी १८७३ मध्ये आयझेल यांच्यासह कर्णमूलाची शस्त्रक्रिया पुन्हा प्रस्थापित केली. ती केव्हा करावी हे त्यांनी स्पष्ट केले, हे त्यांचे विशेष कार्य होय. बेर्गर यांचा जीव घेणारी शस्त्रक्रिया आता असंख्यांचे जीव वाचवू लागली.

रिकिबीच्या शस्त्रक्रियेचीही गत तशीच झाली. १८७८ च्या सुमारास केसेल यांनी रिकीब सैल करण्याचे व काढण्याचे प्रयोग केले. परंतु जंतुसंसर्गाच्या भीतीने १९०० च्या सुमारास श्रेष्ठ कर्णतज्ञांनी त्यांचा निषेध केला. त्यांतील आडाम पोलित्सर (१८३५–१९२०) यांनीच १८९३ मध्ये हा विकार सर्दीचा परिणाम नसून अस्थीचा स्वतंत्र रोग आहे, हे दाखविले होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे सॅम्युएल रोझेन रिकीब किती घट्ट आहे हे तपासत असता ती अवचित सैल झाली आणि रोग्याला ऐकू येऊ लागले. १९५६ मध्ये जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम भाग बसविला. तोपर्यंत शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक (प्रथम वापर १९२१, स्टॉकहोम) व प्रतिजैव औषधे उपलब्ध झाली होती. कूपर यांचे छिद्रही १९५४ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी त्यात बारीक नळी ठेवून उघडे राखले. मध्यकर्णात द्रव साठणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत रूढ झाली.

सल्फा औषधे व पेनिसिलीन यांमुळे तीव्र पूरोगासाठी हाड उघडण्याचे प्रसंग फार कमी झाले. चिरकारी (दीर्घकालीन) कर्णस्राव मात्र दाट वस्ती, कुपोषण व उपचारांतील दिरंगाई असेल तेथे अजूनही सर्रास आढळतो. भारतात बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला. वाहत्या कानात घरच्या घरी तेल घालण्याची रूढी अजून पुष्कळ ठिकाणी आहे. पटलास छिद्र असताना ती अपायकारक होते. त्वचेसारख्या स्तरांची वाढ (कोलेस्टिॲटोमा) मध्यकर्णात होऊन अस्थी झिजू लागल्यास औषधांनी ती बरी होत नाही. अशा रोग्यांत कर्णमूलास्थी उघडावीच लागते. फरक एवढाच की, छिन्नी-हातोड्याच्या जागी आता सूक्ष्मदर्शकाखाली फिरणारे छेदनयंत्र असते.