भरतपूरहून शेवटची जोडी उडाली तेव्हा नेमके काय संपले?

२००२ च्या वसंतात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातून सायबेरियन क्रौंचांची एक जोडी उत्तरेकडे निघाली. पुढच्या हिवाळ्यात ती परतली नाही. १९६४-६५ च्या हिवाळ्यात याच पाणथळीत सुमारे २०० क्रौंच मोजले गेले होते. जात मात्र नष्ट झालेली नाही. चीनमधील पोयांग सरोवरावर आजही हे पक्षी दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरतात. मग भरतपुरात संपले ते काय? जीवशास्त्राच्या भाषेत, एक समष्टी.

समष्टी म्हणजे एकाच जातीचा, आपसात वीण करणारा, इतरांपासून बराचसा अलग असलेला समूह. एका डबक्यात जन्म काढणाऱ्या बेडकाला ही व्याख्या सहज लागू पडते. पण वर्षातून दोनदा हजारो किलोमीटर ओलांडणाऱ्या पक्ष्याचे घर कोणते मानायचे, अंडी घालतो ते की हिवाळा काढतो ते?

भारतात हा प्रश्न आधी पायातल्या कड्यांनी हाताळला. १९५९ नंतर सालिम अलींच्या पुढाकाराने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना क्रमांकाची कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा आला तो काही पक्षिप्रेमापोटी नव्हे. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू सायबेरियातून पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर येतो काय, ही शंका होती. भरतपुरात कडे घातलेली बदके पुढे सोव्हिएत संघात सापडली आणि नकाशावर रेषा उमटू लागल्या.

क्रौंचांच्या बाबतीत अशा रेषा तीन ठरल्या. पूर्वेकडील पक्षी याकुतियात वीण करून पोयांगला जात. पश्चिमेकडील इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावर. मधले अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवरावर थांबत भरतपूरला. मधल्यांचे विणीचे ठिकाण, ओब नदीच्या खोऱ्यातील कुनोवातची दलदल, १९८० च्या दशकाच्या आरंभी हाती लागले. पेच इथेच पडतो. पश्चिमेकडील आणि मधले हे दोन्ही समूह पश्चिम सायबेरियातच वीण करीत. विणीच्या जागेवरून पाहिले तर ते शेजारी, हिवाळ्यावरून पाहिले तर परके.

जनुके इथे फारशी मदत करीत नाहीत. दर पिढीला मोजकेच पक्षी इकडचे तिकडे गेले तरी दोन समूहांतील जनुकीय अंतर मिटत जाते. क्रौंचाची वाट मात्र मोठ्या प्रमाणात शिकवणीतून येते. पिल्लू पहिला हिवाळा आईबापांसोबत काढते आणि वाट त्यांच्याच मागे उडून शिकते. ही शिकवण एका पिढीत तुटली की जनुके शाबूत राहूनही वाट उरत नाही. १९९० च्या दशकात पिंजऱ्यात वाढवलेले तरुण क्रौंच भरतपुरात सोडले गेले, तेव्हा हे प्रत्यक्ष दिसले. जागा तीच, जात तीच, पण त्यांना सायबेरियाकडे नेणारे कोणी नव्हते आणि ते स्थलांतरी झाले नाहीत.

१९७९ च्या बॉन कराराने स्थलांतरी जातीच्या व्याख्येतच तिच्या ‘भौगोलिकदृष्ट्या अलग भागा’ला स्थान दिले. त्याच कराराच्या छत्राखाली १९९३ मध्ये सायबेरियन क्रौंचासाठी सामंजस्य करार झाला. त्याच वर्षाच्या आरंभी भरतपुरात हिवाळा काढून परतलेले क्रौंच होते केवळ ५.