खार आणि पीलू

ठाण्यात वाघबीळला किंवा कावेसरला घोडबंदर रोड सोडून खाडीकडे उतरू लागलं की पायाखालचा तांबूस मुरूम संपतो आणि राखाडी चिखल लागतो. मुरूम येऊरच्या डोंगरातल्या झिजलेल्या बेसॉल्टचा. चिखल उल्हास नदीने आणि भरतीने आणून टाकलेला. उन्हाळ्यात त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. ही खार जमीन.

संस्कृत ‘क्षार’ म्हणजे झोंबणारं, जाळणारं. प्राकृतात त्याचा ‘खार’ झाला. खाडीपलीकडचं खारबाव, कळव्याजवळचं खारीगाव, सरकारी कागदांतली खारभूमी यांत तोच ऐकू येतो. (‘खार खाणं’ वेगळं, तिथला खार फारसी, अर्थ काटा.)

झाडांच्या बाजूने पाहिलं तर ‘जाळणारं’ हा जुना अर्थच खरा. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घेणं जड जातं. भोवती पाणी आणि झाड तहानलेलं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जैसलमेरला जेमतेम दोनशे. तरी थरच्या वाळवंटातलं पीलूचं झाड ठाण्याच्या खाडीकाठी, तिवरांच्या मागच्या उंचवट्यावर उगवतं. मिठावाचून त्याचं अडतं असं नाही. इतरांना मीठ सोसत नाही, म्हणून जागा त्याला मिळते. पानं समोरासमोर, जाडसर, मांसल. चावलं की मोहरीसारखी झणझणतात.

‘पीलू’ हा शब्द फार जुना. पीलू पिकण्याच्या मोसमाला ‘पीलुकुण’ म्हणत, आणि तो शब्द साधायला पाणिनीने सूत्र दिलं आहे. पाणिनी वायव्येकडच्या शलातुरचा, म्हणजे पीलूच्याच मुलखातला. महाभारताच्या कर्णपर्वात वाहीक देशाच्या वर्णनात शमी आणि करीर यांच्या जोडीला पीलूची वनं येतात. संस्कृतात ‘पीलु’ म्हणजे हत्तीही, पण तो बहुधा फारसी ‘पील’वरून, आपला पीलखाना त्यातलाच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने १७५३ साली झाडाला साल्वाडोरा पर्सिका म्हटलं. ‘मिस्वाक’ हे पीलूच्या दातणाचं नाव अरबी, घासण्याच्या धातूवरून आलेलं. मुंब्र्याच्या बाजारात आजही मिस्वाकच्या काड्या मिळतात.

आता खारीवर मुरमाचा भराव पडतो. भरती अडते, काही पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं, मग सुबाभूळ आणि घाणेरी पीलूला मागे टाकतात. खारफुटीसाठी २०१२ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आहे. पीलूचा काठ मात्र तिवरं संपतात तिथे सुरू होतो, आणि राडारोड्याचे डंपर आधी तिथेच रिकामे होतात.