वेताला झाड लागतं

वेत म्हटला की आमच्या पिढीच्या तळहातांना आधी आठवण होते. मास्तरांची छडी वेताची, कचेरीतल्या खुर्चीची जाळीदार बैठक वेताची, आजोबांच्या हातातली काठीही वेताचीच. मात्र ज्याने आपल्याला सरळ केलं, त्या वेताला स्वतःला सरळ उभं राहता येत नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

वेत हा नारळ-सुपारीच्या कुळातला, पण वेल आहे. त्याच्या काही जातींची पानं टोकाशी चाबकासारखी लांब होतात आणि त्यावर उलटे, आकड्यासारखे काटे असतात. ते शेजारच्या झाडात अडकवून तो उजेडाकडे चढतो. मलाया-सुमात्राकडच्या 'मनाऊ' जातीचा वेल शंभर मीटरच्याही पुढे जातो. झाड नसेल तर एवढा वेल जमिनीवर लोळतो. आज आपल्याला इतिहास पाहायचा आहे तो या एका गोष्टीच्या आधारे.

एकोणिसाव्या शतकात सिंगापूर ही वेताची मोठी बाजारपेठ होती. जहाजातला माल हलू नये म्हणून वेताच्या मोळ्या मध्ये खुपसत आणि अमेरिकेत पोचल्यावर फेकून देत. बोस्टनच्या धक्क्यावर सायरस वेकफील्ड नावाच्या व्यापाऱ्याने १८४४च्या सुमारास हा कचरा उचलला. पुढे १८५५ साली त्याने कंपनी काढली आणि वेताचं फर्निचर घरोघर गेलं. त्याच्या गावालाही १८६८ साली त्याचंच नाव मिळालं.

त्याच सुमारास, म्हणजे १८५०च्या आसपास, बोर्निओ बेटावर बरितो नदीच्या काठी लोक वेत लावू लागले होते. जंगलातून तोडून आणणं वेगळं आणि लावणं वेगळं. लावणाऱ्याला वर्षांचा हिशेब करावा लागतो.

ही लागवड समजून घेऊ. नर आणि मादी झाडं वेगळी. फळ मादीवर धरतं. फळाचं खवलेदार साल आणि आतला गर काढून बी ताजंच पेरायचं, कारण सुकलं की ते रुजत नाही. रोपाला लहानपणी सावली हवी, पुढे चढताना उजेड हवा. दायाक शेतकरी जंगलाचा तुकडा साफ करून भात घेतात आणि भातातच 'सेगा' वेत लावतात. एक-दोन पिकांनंतर शेत सोडून देतात. मग झाडं वाढतात आणि त्यांच्यावर वेत. सात ते दहा वर्षांनी पहिली तोडणी होते. सेगा बेटात वाढतो, त्यामुळे पिकलेले वेत काढले तरी बेट जगतं. मनाऊचं तसं नाही. तो एकखोडी, तोडला की संपला.

म्हणजे वेताची बाग दिसायला जंगलच. लग्नकार्य असो, आजारपण असो, लागेल तेवढा वेत तोडायचा; बाकीची ठेव झाडांवर. इथे झाड राखण्यासाठी वेगळा उपदेश करावा लागत नव्हता. वेताला भाव होता, तेवढं पुरे होतं.

आता पुढचा भाग. इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ साली कच्च्या वेताची निर्यात बंद केली आणि १९८८ साली अर्धवट तयार मालाचीही. वेत देशातच विणला जावा, कारागिराला काम मिळावं, हा हेतू. हेतूला आपण नावं ठेवणार नाही. पण बाहेरचं गिऱ्हाईक गेलं आणि लावणाऱ्याच्या हातात पडणारा भाव कोसळला. बंदी पुढे सैल झाली, २०१२ पासून पुन्हा आली. दरम्यान कित्येकांनी बागा मोडून रबर लावलं, पुढे तेलताडही आला. वेत गेला तेव्हा त्याच्याखालची झाडंही गेली.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एक प्रश्न विचारतो. त्या कायद्यात कारागीर होता, कारखानदार होता, देश होता. दहा वर्षं वाट पाहणारा शेतकरी कुठे होता? छडी मारणारा आणि खाणारा, दोघांनीही तो कधी पाहिला नाही. आपण वेताच्या खुर्चीत बसतो, तेव्हा त्याच्या त्या दहा वर्षांवर बसलेले असतो. खुर्ची घेताना निदान एवढं विचारावं, की हा वेत कुठून आला आणि तो ज्या झाडावर चढला होता, ते अजून उभं आहे का.