शहाणा

‘शहाणा’ या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत ‘सज्ञान’, म्हणजे ज्ञानासहित असलेला, या शब्दाशी जोडली जाते. हिंदीतील ‘सयाना’ त्याचाच भाऊबंद होय. मराठीने मूळ तत्सम रूपही टाकून दिले नाही, आणि त्यामुळे एकाच शब्दाचे दोन वारस भाषेत आजही नांदतात. 1875च्या भारतीय कायद्यानुसार वयाची 18 वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान ठरते, परंतु ती शहाणी झाली किंवा नाही, हे चारचौघे तिच्या वागण्यावरून ठरवतात.

ज्ञान असणे आणि शहाणे असणे यांतील हा भेद आजरा तालुक्यातील भातशेतीत स्पष्ट दिसतो. तेथील घनसाळ या सुवासिक भाताला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणांची अधिकृत नोंद, मिळाले. नत्र दिल्याने पीक जोमाने वाढते, हे खताच्या पोत्यावरूनही कळते आणि ते ज्ञान खरेच आहे. पण घनसाळसारखे उंच वाढणारे भात जास्त नत्राने माजते, लोंबी भरली की वाऱ्यापावसात आडवे पडते, हे ध्यानी घेऊन जो शेतकरी आपल्या खाचराचा कस पाहतो आणि युरियाची मूठ वेळीच आखडतो, त्याच्या ठायी ज्ञान कृतीत उतरलेले असते. हात आखडणाऱ्या त्या शेतकऱ्यास ‘शहाणा’ म्हणताना हा शब्द पूर्ण वजनानिशी वापरला जातो.