दूध पुरत नाही : पुण्यातील बाळंतिणीच्या एका चिंतेचा इतिहास

अंगावरचे दूध बाळाला पुरत नाही, ही तक्रार पुण्यात वाड्यांच्या काळापासून आजच्या गृहसंकुलांपर्यंत जवळपास त्याच शब्दांत ऐकू येते. तिच्यावर सुचवले जाणारे उपाय मात्र पिढीगणिक बदलत गेले. कधी दूधआई ठेवली गेली, कधी बाळंतिणीचे ताट वाढवले गेले, कधी दूधपावडरीचा डबा घरात आला, तर कधी रुग्णालयाने हा प्रश्न आपल्या हाती घेतला. या उपायांचा क्रम लावून पाहिला असता असे दिसते की दूध कमी पडण्याचा दोष बहुतेक वेळा आईच्या प्रकृतीवर ठेवला गेला, आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत आई व मूल यांच्याभोवती जी व्यवस्था उभी केली जात होती, तिची तपासणी फार उशिरा झाली.

पुणे प्रांतातील या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण सतराव्या शतकातील आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजी महाराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंची प्रकृती खालावलेली असल्याने त्यांचे दूध पुरेना, म्हणून पुण्याच्या दक्षिणेस असलेल्या कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे यांना दूधआई म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला स्वतःचे दूध पाजणारी स्त्री म्हणून, बोलावले गेले, असे परंपरा सांगते. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निवर्तल्या आणि बाळराजांच्या संगोपनात धाराऊंचे नाव कायमचे जोडले गेले. दूधआई ठेवणे हा अर्थातच ऐपतदार घराण्याचा उपाय होता; सामान्य घरात नात्यातली किंवा शेजारची एखादी लेकुरवाळी बाळाला अंगावर घेत असे, आणि तीही नसली तर गाईचे किंवा शेळीचे दूध पाणी घालून पाजले जाई, ज्याला आजही ‘वरचे दूध’ म्हटले जाते.

वैद्यकीय परंपरेत या विषयाचा विचार बारकाईने झालेला होता. चरकसंहितेत स्तन्यजनन, म्हणजे दूध उत्पन्न करणारी, दहा द्रव्ये एका गटात सांगितली आहेत आणि त्यांत वाळा, दर्भ, कुश, काश अशा गवतवर्गीय वनस्पतींच्या मुळांचा भरणा आहे. पुढील काळात लोकप्रिय झालेली शतावरी या दहांच्या यादीत नाही. सुश्रुतसंहिता एक पाऊल पुढे जाऊन सांगते की क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळे दूध नाहीसे होते, तर मुलाचा स्पर्श, दर्शन किंवा नुसते स्मरण यांनी ते वाहू लागते. लोकभाषेत ज्याला पान्हा फुटणे म्हणतात त्या क्रियेचे हे वर्णन असून, आधुनिक शरीरशास्त्र तिचा संबंध ऑक्सिटोसिन या संप्रेरकाशी जोडते, आणि ताण व वेदना यांमुळे हे संप्रेरक स्रवण्यात अडथळा येतो, असेही मानते. मात्र त्याच सुश्रुतसंहितेत दूध तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीनंतर सुरू होते असे सांगून तोवर बाळाला मध व तूप चाटवण्याचा विधी दिला आहे, आणि घरोघरीची रूढी या विधानाच्या अगदी जवळ जाणारी होती.

पुण्यातील बाळंतिणीची खोली हे या रूढीचे क्षेत्र होते. सव्वा महिना बाळंतिणीने घरकाम करायचे नाही, शेक-शेगडी घ्यायची, तेल लावून घ्यायचे आणि दूध वाढवणारे म्हणून जे जे सांगितले जाई ते खायचे, असा दंडक असे. शेपूची व मेथीची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी, खसखशीची खीर, डिंकाचे लाडू आणि जेवणानंतर चघळायला बाळंतशेपा, हा त्या ताटाचा साधारण ऐवज होता. अळिवाच्या लाडवांना त्यात मानाचे स्थान होते : अळीव नारळाच्या पाण्यात फुगेपर्यंत भिजवायचे, ओल्या नारळाचा चव व गूळ यांबरोबर मंद आचेवर आटवायचे आणि वरून जायफळाची पूड घालून लाडू वळायचे. विसाव्या शतकात या जोडीला क्रमांक घातलेल्या बाळंतकाढ्याच्या बाटल्या आणि शतावरी कल्पाचे डबेही बाजारातून येऊ लागले. यांपैकी बहुतेक पदार्थांमुळे दूध निश्चितपणे वाढते असा भक्कम पुरावा नसला, तरी लोह, स्निग्धांश आणि पुरेसे उष्मांक बाळंतिणीला त्यांतून मिळत, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिला हक्काची विश्रांती व हाताशी अनुभवी बायका मिळत.

या व्यवस्थेतील विसंगती सुरुवातीच्या दिवसांत होती. प्रसूतीनंतर प्रथम येणारे घट्ट, पिवळसर दूध, म्हणजेच चीक, जड किंवा बाधक समजून अनेक घरांत पिळून टाकले जाई आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा एरंडेलाचे बोट दिले जाई. पुढे सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे मोजके वळसे उगाळून केलेली बाळगुटी सुरू होई. चीक प्रमाणाने थोडाच असतो, पहिल्या दिवशी तर चमच्यांनी मोजावा इतका, परंतु नवजात बाळाची गरजही तेवढीच असते आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात भरपूर असतात. शिवाय दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला चालना मिळते ती बाळाच्या चोखण्याने, आणि स्तन जितके रिकामे होतील तितके नवे दूध तयार होते. म्हणून आरंभीचे तीन दिवस बाळाला स्तनापासून दूर ठेवणारे घर पुढचे चाळीस दिवस जे दूध वाढवू पाहत होते, त्याचा पाया स्वतःच कच्चा करत होते. चौथ्या दिवशी बाळ रडू लागले की आईला दूध कमी आहे असा निष्कर्ष निघे, आणि मग चांदीचे किंवा पितळेचे चोच असलेले लहान भांडे, म्हणजे बोंडले, वरच्या दुधाने भरले जाई. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ कमी चोखे, त्यामुळे दूध खरोखरच आटू लागे, आणि चिंता स्वतःच स्वतःला खरी ठरवी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसूतीचा प्रश्न घराबाहेर येऊ लागला. ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचारिका व सुईण म्हणून शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. आणि १९१२ मध्ये रास्ता पेठेत केईएम रुग्णालय उभे राहिले. परंपरागत सुईणीच्या जागी प्रशिक्षित परिचारिका आल्याने जंतुसंसर्गाला आळा बसण्यास मदत झाली. मात्र त्या काळच्या पाश्चात्त्य बालसंगोपनशास्त्रावर न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांच्या शिस्तीचा मोठा प्रभाव होता, आणि ती शिस्त बाळाला दर चार तासांनी, घड्याळ पाहूनच पाजावे असे सांगत होती. जुन्या घराने पहिले तीन दिवस घेतले होते, तर नव्या शास्त्राने दिवसभरातील पाजण्याच्या वेळा कमी केल्या. दोन्हींचा परिणाम चोखणे घटण्यातच होत होता.

त्याच सुमारास डबाबंद दूधही आले. ग्लॅक्सोची दूधपावडर १९२० च्या दशकात हिंदुस्थानच्या बाजारात होती, आणि पुढे म्हशीच्या दुधापासून शिशुआहार तयार करण्याचे तंत्र म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केल्यावर अमूलचा स्वदेशी डबा मध्यमवर्गीय फडताळात दिसू लागला. बाटलीवरील आकड्यांमुळे बाळाने किती दूध घेतले हे प्रथमच डोळ्यांना दिसू लागले, आणि अंगावरच्या दुधाला तशी खूण नसल्याने त्याविषयीचा संशय वाढला. ज्या घरांना डबा महाग पडे ती पावडर पातळ करून पुरवत, आणि उकळलेले पाणी व स्वच्छ बाटली यांची खात्री नसल्यास जुलाब व कुपोषण हे ठरलेलेच होते.

या व्यापाराला आवर घालण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. जागतिक आरोग्य परिषदेने मे १९८१ मध्ये मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणारे ‘बीपीएनआय’ हे जाळे ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाले. आणि १९९२ च्या केंद्रीय कायद्याने शिशुदुग्धपर्याय व बाटल्या यांच्या जाहिराती, फुकट नमुने आणि प्रलोभने यांवर बंदी आणली. दूधआईची जुनी कल्पनाही नव्या रूपात परतली : डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि २०१३ मध्ये ससून रुग्णालयात पुण्याची अशी पेढी उभी राहिली. तेथे दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून, जंतुपरीक्षेनंतर अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना दिले जाते.

अलीकडच्या पुण्यात या चिंतेला नोकरीचीही बाजू आहे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचेच दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ पासूनची, तर प्रसूतिरजा २०१७ पर्यंत बारा आठवड्यांचीच होती. त्या वर्षी ती सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. बांधकामावर मजुरी करणाऱ्या किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे देशातील प्रमाण ४१.८ टक्केच आढळले, म्हणजे बहुसंख्य प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या तरी पहिल्या तासाचा जुना प्रश्न सुटलेला नाही.

थायरॉइडचे विकार, प्रसूतीतील अतिरक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा अंश किंवा स्तनग्रंथींची अपुरी वाढ यांमुळे काही स्त्रियांना दूध खरोखरच कमी येते, आणि अशा वेळी वैद्यकीय उपचार व गरजेपुरते वरचे दूध हेच हिताचे असते. उरलेल्या असंख्य घरांत मात्र बाळाच्या रडण्यावरून दुधाचा हिशेब केला जातो, वास्तविक पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक वेळा होणारी लघवी आणि दोन आठवड्यांत भरून निघणारे जन्मवजन हे त्याचे अधिक भरवशाचे पुरावे आहेत. पुण्याच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष असा की जुन्या घराने बाळंतिणीला दिलेली सव्वा महिन्याची सोबत आणि नव्या वैद्यकाने चिकाला दिलेले महत्त्व, या दोन गोष्टी या शहरात एकाच बाळंतिणीच्या वाट्याला क्वचितच आल्या, आणि दूध न पुरण्याची बरीचशी चिंता या ताटातुटीतूनच जन्मली.